मॉरिशसचा चौरंगी झेंडा : रचना, अर्थ आणि त्यातली आपली मंडळी

बृहन्महाराष्ट्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर ही नावे येतात. या यादीत समुद्रापलीकडचे एक नाव हक्काने बसते, ते म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातल्या या बेटावर कोकणातून आणि साताऱ्याकडून गेलेल्या मराठी कुटुंबांची पाचवी-सहावी पिढी आज नांदते आहे. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येते.

आपल्या मंडळातील मुलांसाठी आणि पालकांसाठी आम्ही या लेखात मॉरिशसच्या राष्ट्रध्वजाची माहिती एकत्र केली आहे. ध्वज दिसायला अगदी साधा आहे. पण त्याच्या चार पट्ट्यांकडे पाहून मॉरिशसमध्ये जो प्रश्न विचारला जातो, तो इंदुरात राहणाऱ्या आपल्यालाही परका नाही : या झेंड्यात आमचा रंग कोणता?

एका दृष्टिक्षेपात

देश : मॉरिशस प्रजासत्ताक
राजधानी : पोर्ट लुई
ध्वज प्रथम फडकला : १२ मार्च १९६८
लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये नोंद : ९ जानेवारी १९६८
प्रमाण : लांबी ३, रुंदी २
रंग, वरून खाली : लाल, निळा, पिवळा, हिरवा
रचनाकार : गुरुदत्त मोहेर
प्रचलित नाव : 'ले कात्र बांद', म्हणजे फ्रेंचमध्ये 'चार पट्टे'

रचना

ध्वजावर चार आडवे पट्टे आहेत आणि चारही सारख्या रुंदीचे आहेत. त्यांवर चक्र, तारा, चंद्रकोर, पक्षी, शस्त्र असे कोणतेही चिन्ह नाही. राष्ट्रध्वजांमध्ये तीन पट्ट्यांचे झेंडे पुष्कळ आढळतात. चार पट्ट्यांचे फार थोडे आहेत. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या झेंड्यातही चार आडवे पट्टे आहेत, पण तिथे मधोमध उभा लाल पट्टा आणि कोपऱ्यात तारा आहे. मॉरिशसचा झेंडा चार रंगांवरच थांबतो.

चिन्ह नसल्यामुळे झेंडा उलटा लागण्याची भीती मात्र राहते. लाल वर आणि हिरवा खाली, एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही. मुलांना क्रम पाठ करायला 'ला-नि-पि-हि' ही अक्षरे पुरेशी आहेत.

चित्र काढताना आणखी एक काळजी घ्यावी. तिसरा पट्टा पिवळा आहे, केशरी नव्हे. आपल्याकडच्या मुलांचा हात सवयीने केशरी खडूकडे जातो. या झेंड्यात भगवा किंवा केशरी रंग नाही.

राष्ट्रध्वजाशिवाय देशाचे काही उपध्वजही आहेत. व्यापारी जहाजांच्या लाल ध्वजावर काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात हाच चौरंगी झेंडा असतो आणि फडकत्या बाजूला देशाचे राजचिन्ह असते. सरकारी जहाजांचा ध्वज त्याच धर्तीचा, पण निळा आहे. १२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक झाले. राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजात चार पट्ट्यांच्या मध्यभागी पांढऱ्या वर्तुळात राजचिन्ह ठेवलेले आहे.

आधीचे झेंडे आणि राजचिन्ह

या बेटावर मूळची मानवी वस्ती नव्हती. त्यामुळे तिथे जो झेंडा आला तो बाहेरून आला. डच १५९८ मध्ये उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाचे नाव ठेवले. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले आणि 'इल द फ्रान्स' असे नाव दिले. १८१० मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकले आणि जुने नाव परत आणले. ब्रिटिश काळात निळ्या कापडाच्या कोपऱ्यात युनियन जॅक आणि फडकत्या बाजूला वसाहतीचे चिन्ह, असा झेंडा वापरात होता.

वसाहतीला १९०६ मध्ये मिळालेले राजचिन्ह आजही कायम आहे. त्याच्या ढालीचे चार भाग आहेत आणि त्यांत जहाज, तीन ताडवृक्ष, किल्ली आणि तारा दिसतात. ढालीच्या एका बाजूला डोडो पक्षी, दुसऱ्या बाजूला सांबर आणि दोघांजवळ उसाची कांडी. खालच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ 'हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली' असा होतो. युरोपातून भारताकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर हे बेट पडत असे. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाट, असा किल्लीचा अर्थ आहे.

झेंड्यातले चारही रंग या राजचिन्हात आधीपासून होते. ढालीचे भाग निळे आणि सोनेरी, ताडवृक्ष हिरवे आणि किल्ली लाल. म्हणजे रंग जुने आणि मांडणी नवी.

चार रंगांचे अधिकृत अर्थ

लाल हा स्वातंत्र्यासाठी केलेल्या संघर्षाचा रंग आहे. या संघर्षात दोन प्रवाह येऊन मिळतात. पहिला आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचा. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. तो दिवस तिथे सुट्टीचा आहे. पळून गेलेल्या गुलामांनी आसरा घेतलेला ल मॉर्न हा डोंगर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दुसरा प्रवाह गिरमिटिया मजुरांचा. गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांवर राबायला माणसे हवी होती, म्हणून करारावर हिंदुस्थानातून मजूर नेण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला पोचले. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्याच बंदरात उतरली. ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून ती वर आली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

निळा हा हिंदी महासागराचा रंग. मॉरिशसची सगळी बेटे मिळून जमीन अवघी २,०४० चौरस किलोमीटर भरते. मासेमारीचा आणि इतर आर्थिक हक्क असलेले तिचे सागरी क्षेत्र मात्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जमिनीच्या हजारपटीहून जास्त. देशाचा मोठा भाग पाणीच आहे, असे म्हटले तरी चालेल. गिरमिटियांसाठी हेच पाणी 'काळे पाणी' होते. ते ओलांडणे म्हणजे जात-गोत, गाव आणि परतीची वाट सोडणे. त्यांच्या नातवंडांनी त्याच पाण्याचा निळा रंग अभिमानाने झेंड्यात घेतला.

पिवळा हा स्वातंत्र्याच्या नव्या प्रकाशाचा रंग. त्याच्या वरच्या दोन पट्ट्यांत झालेला संघर्ष आणि भोवतालचा समुद्र आहे. पिवळा पट्टा पुढच्या काळाकडे पाहतो.

हिरवा शेतीचा आणि बेटावर बारमाही दिसणाऱ्या हिरवाईचा. १९६८ मध्ये या हिरवाईचा व्यवहारातला अर्थ एकच होता, ऊस. देशाच्या निर्यातीचा जवळजवळ सगळा भार साखरेवर होता. नंतर कापड उद्योग, पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या, तसा साखरेचा वाटा उतरला. पट्टा मात्र तसाच राहिला. मळ्यावर राबलेल्या माणसांच्या घरात हिरव्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

झेंडा कोणत्या दिवसांत आला

आपल्याकडे स्वातंत्र्य आले तेव्हा ते हवे की नको, असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मॉरिशसमध्ये तो विचारला गेला आणि देश दुभंगला. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत एका बाजूला शिवसागर रामगुलाम यांचा मजूर पक्ष, सुखदेव विष्णुदयाल यांचा इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉक आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम कृती समितीचा पक्ष, अशी स्वातंत्र्यवादी आघाडी होती. दुसऱ्या बाजूला गेतां द्युव्हाल यांचा पीएमएसडी हा पक्ष होता. स्वातंत्र्य आल्यास बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही भीती त्याच्या मतदारांना होती. आघाडीला ३९ जागा मिळाल्या आणि पीएमएसडीला २३. पण मते पाहिली तर सुमारे ४४ टक्के लोक स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला होते.

जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगली पेटल्या. ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि आणीबाणी लागली. समारंभासाठी येणार असलेल्या ब्रिटिश राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. कॉलेज ऑफ आर्म्समध्ये झेंड्याची नोंद झाली ती याच महिन्यात.

१२ मार्च १९६८ रोजी दुपारी पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर युनियन जॅक उतरला आणि चार पट्टे वर चढले. हे मैदान १८१२ पासून घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध आहे. दिवसाची निवड विचारपूर्वक झाली होती. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी साबरमतीहून दांडीला निघाले होते. त्याआधी, १९०१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले होते. तेथील भारतीयांनी मुलांना शिकवावे आणि सार्वजनिक कामात भाग घ्यावा, असे त्यांनी सांगितले होते. ही आठवण तिथे अजून जपली जाते.

दुसरा अर्थ : रंग कोणाचे?

शाळेच्या पुस्तकातले अर्थ वर दिले. लोकांच्या तोंडी मात्र आणखी एक अर्थ आहे. काही जण म्हणतात, चार रंग चार पक्षांचे : लाल मजूर पक्षाचा, निळा पीएमएसडीचा, पिवळा आणि हिरवा उरलेल्या दोघांचा. दुसरे म्हणतात, रंग समाजांचे : लाल हिंदूंचा, निळा ख्रिस्ती क्रिओलांचा, पिवळा तमिळांचा, हिरवा मुस्लिमांचा.

हा अर्थ सरकारने कधी मान्य केलेला नाही. तरीही तो टिकून आहे आणि त्याचे कारण वर आलेच आहे. देश जन्मला तेव्हा प्रत्येक समाज विचारत होता की नव्या घरात आपली खोली कोणती. झेंड्यात आपला रंग सापडला की उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

पण हिशेब मांडून पाहिला तर हा अर्थ जुळत नाही. मॉरिशसच्या राज्यघटनेने निवडणुकीच्या कामासाठी चार समाज मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सर्व, म्हणजे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. पट्टे चार आणि समाजही चार, पण जोड्या लागत नाहीत. चिनी समाजाला रंगच उरत नाही. तमिळांना घटनेत वेगळा वर्ग नाही, पण लोकांच्या सांगण्यात त्यांना वेगळा पिवळा पट्टा आहे. आणि तेलुगू व मराठी लोकांचे काय? लाल हिंदूंचा म्हटले तर ते लालात आले. पण तिथे 'हिंदू' हा शब्द बोलताना बरेचदा हिंदी-भोजपुरी समाजापुरता वापरतात. तमिळ, तेलुगू आणि मराठी आपापली ओळख वेगळी सांगतात. मग मराठी माणसाने कोणत्या पट्ट्याखाली उभे राहायचे?

समाजांना रंग वाटून दिले की कोणीतरी नेहमी उरतो, आणि उरतो तो बहुधा लहान समाज. आपण स्वतः लहान समाज आहोत, म्हणून हा मुद्दा आपल्याला लवकर पटतो. अधिकृत अर्थात कोणी उरत नाही. संघर्ष, समुद्र, प्रकाश आणि शेती या चार गोष्टी बेटावरच्या सगळ्यांच्या आहेत.

आपल्या तिरंग्याची गोष्ट

हाच प्रवास आपल्या तिरंग्यानेही केला आहे. १९२१ मध्ये पिंगळी वेंकय्या यांनी बेझवाड्याला गांधीजींना झेंड्याचा आराखडा दाखवला. त्या काळच्या झेंड्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुस्लिमांचा आणि पांढरा इतर सर्वांचा, असे सांगितले जाई. मग शिखांनी विचारले, आमचा रंग कुठे? प्रश्न रास्त होता, आणि तो एकट्या शिखांचा राहिला नसता.

१९३१ मध्ये काँग्रेसने झेंडा नव्याने ठरवला. केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा. त्याच वेळी स्पष्ट केले की या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन तिरंगा स्वीकारला. तेव्हा सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी हिरव्याचा संबंध मातीशी, जिच्यावर सगळे जीवन उभे आहे त्या वनस्पतिसृष्टीशी जोडला. मॉरिशसचा हिरवाही शेवटी तिथेच पोचतो.

इंदूरवर १९४८ पर्यंत होळकरांचे निशाण होते. संस्थान विलीन झाले आणि राजवाड्याच्या गावावर तिरंगा आला. तेव्हा इथल्या मराठी कुटुंबांनी आपला रंग कुठे, असे विचारले नाही. विचारायची वेळ येऊ नये याची तजवीज १९३१ सालीच झालेली होती.

शेजारच्या बेटांनी काय केले

श्रीलंकेने वेगळी वाट धरली. १९५१ मध्ये ठरलेल्या तिच्या झेंड्यात तलवार धरलेला सिंह मोठ्या लालसर चौकोनात आहे. काठीच्या बाजूला हिरवा आणि केशरी असे दोन उभे पट्टे आहेत. हिरवा मुस्लिमांचा आणि केशरी तमिळांचा. म्हणजे समाजांना रंग दिले, पण सिंहाच्या चौकटीबाहेर. हे पट्टे वेगळे असल्याने एकता दिसत नाही, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. झेंड्यामुळे युद्ध झाले असे कोणी म्हणणार नाही. पण झेंड्यात रंग मिळाला म्हणजे देशात जागा मिळाली, असेही होत नाही.

सेशेल्सने १९९६ मध्ये आपला झेंडा बदलला आणि एका कोपऱ्यातून पसरणारे पाच तिरके पट्टे घेतले. त्यांत देशातल्या दोन्ही मोठ्या पक्षांचे रंग आले. तिथे तडजोड उघडपणे केली गेली. मॉरिशसचे रंग पक्षांवरून आले असे लोक का म्हणत असतील, ते या उदाहरणावरून समजते.

आपली मंडळी

गिरमिटियांची सर्वात मोठी संख्या कलकत्त्याहून गेली, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून त्या मानाने कमी माणसे गेली. त्यांत मराठी माणसे होती, मुख्यतः आजच्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सातारा या भागांतली. नोंद करणाऱ्या कारकुनाने पूर्वजाचे पहिले नाव जसे ऐकले तसे लिहिले आणि पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. म्हणून तिथल्या मराठी आडनावांत आपली ओळखीची गावे आणि 'कर' प्रत्यय फारसे सापडत नाहीत.

बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भाग आणि मध्य पठारावरील व्हाकोआ यांच्या परिसरात मराठी वस्ती वाढली. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये ऑन्रिएता गावी झाला, असे सांगितले जाते. आज तो बेटभर होतो. त्यात 'झाकरी' हा नाच असतो. कोकणातली जाखडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनची स्थापना १९६० ची, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधीची. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते. १९९१ मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषद मॉरिशसलाच भरली होती.

वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडते. मॉरिशसने झेंड्यात कोणाला पट्टा दिला नाही, पण सुट्ट्यांच्या यादीत बहुतेकांना दिवस दिला. तमिळांचा थायपुसम कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ, आणि १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर हे इतिहासाचे दोन दिवस. झेंडा सगळ्यांचा एकच, आणि पंचांगात ज्याचा त्याचा सण. मराठी माणसाला तिथे लाल पट्टा आपला म्हणून दाखवावा लागत नाही. त्याच्या गणपतीला सबंध देशाची सुट्टी असते.

ही व्यवस्था नेहमी सुरळीत चालली असे मात्र नाही. १९९८ मध्ये मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा काढल्या. जुन्या नोटांवर इंग्रजीनंतर तमिळ आणि मग हिंदी मजकूर असे. नव्या नोटांवर हिंदी वर गेली आणि तमिळ खाली. तमिळ समाजात इतका असंतोष झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. दोन ओळींची अदलाबदल एवढेच निमित्त होते. ज्यांचे पूर्वज कागदावर अंगठा उठवून बोटीत चढले, त्यांना सरकारी कागदावरची आपली ओळ किती मोलाची वाटते, हे त्या प्रसंगाने दाखवले. झेंड्यावर अक्षर नाही आणि चिन्हही नाही, त्यामुळे निदान तिथे तरी वर कोण, खाली कोण, हा वाद उभा राहिला नाही.

झेंडा काढणारा शिक्षक

गुरुदत्त मोहेर हे प्राथमिक शाळेतले शिक्षक. त्यांचे काम देशाने रोज पाहिले, पण त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मार्च २०१८ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, सरकारने त्यांना 'स्टार अँड की ऑफ द इंडियन ओशन' हा सन्मान मरणोत्तर दिला. तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. त्याच वर्षीच्या १२ मार्चच्या सोहळ्याला आपले राष्ट्रपती रामनाथ कोविंद प्रमुख पाहुणे होते.

पिंगळी वेंकय्यांचे आयुष्यही असेच गेले. १९६३ मध्ये ते वारले आणि त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००९ मध्ये निघाले. झेंड्यावर सही नसते, म्हणून त्याचा कर्ता लवकर विसरला जातो. आपल्या मुलांना ही दोन नावे सांगायला हवीत.

जिथे झेंडा लावणे हेच म्हणणे असते

स्वातंत्र्याच्या तीन वर्षे आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून आपल्याकडे ठेवली. पुढे तेथील रहिवाशांना बेटे सोडायला लावली. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की ही तोडणी कायदेशीर नव्हती आणि ब्रिटनने तेथील कारभार लवकरात लवकर संपवावा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसचे एक पथक बोटीने चागोसमधल्या पेरोस बान्होस बेटावर पोचले आणि त्याने तिथे चौरंगी झेंडा उभारला. सोबत चागोसचे काही मूळ रहिवासीही होते. मे २०२५ मध्ये बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर दोन्ही देशांनी सह्या केल्या. निर्जन किनाऱ्यावर रोवलेल्या त्या काठीवर लाल, निळा, पिवळा, हिरवा यांपैकी कोणता रंग कोणत्या समाजाचा, हे तिथे कोणी विचारत बसले नसेल. तिथे चारही पट्टे मिळून एकच गोष्ट सांगत होते : हे आमचे आहे.

मुलांना सांगताना

मराठी वर्गात किंवा घरी हा झेंडा शिकवायचा झाल्यास आमच्या काही सूचना :

१. आयताचे प्रमाण ३:२ ठेवा. १८ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद कागद घेतला तर प्रत्येक पट्टा बरोबर ३ सेंटिमीटरचा येतो.

२. क्रम 'ला-नि-पि-हि'. लाल नेहमी वर.

३. आधी अधिकृत अर्थ सांगा. मोठ्या मुलांना दुसरा अर्थही सांगायला हरकत नाही, पण तो जुळत का नाही, हे त्यांनाच शोधू द्या. चार पट्टे आणि घटनेतले चार समाज शेजारी लिहून जोड्या लावायला सांगितले की पुरे.

४. तिरंगा शेजारी ठेवा. दोन्ही झेंड्यांत कोणता रंग आहे आणि त्याचे अर्थ किती जवळचे आहेत, ते विचारा. उत्तर हिरवा.

५. नकाशावर मुंबई ते पोर्ट लुई रेघ ओढायला सांगा. मग इंदूर ते रत्नागिरी ओढा. दोन्ही रेघा मराठी माणसांच्याच वाटा आहेत. एक वाट घोड्यावरून माळव्यात आली, दुसरी बोटीतून समुद्रापार गेली. पहिलीने जाणाऱ्यांबरोबर सरदारक्या आणि वतने होती, दुसरीने जाणाऱ्यांकडे पाच वर्षांचा करार. दोन्हीकडे गणपती मात्र बसतोच.

दरवर्षी १२ मार्चला मॉरिशसचा राष्ट्रीय दिन असतो. त्या दिवशी तिथल्या मराठी घरांतही हे चार पट्टे फडकतात. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक किंवा स्नेही तिथे असतील, तर त्यांना त्या दिवशी मराठीतून शुभेच्छा अवश्य पाठवाव्यात.